बोला काहीतरी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रॅफर्टी येतो.
मी साठ मिलिलिटर मोजते,
खसच्या सरबतासारखं हिरवं,
इवल्या प्लास्टिकच्या पेल्यात,
आणि आडोशाला त्याच्यासमोर उभी राहते.
माझ्या डोळ्यांदेखत प्यायचं, असा नियम आहे.
वर घोटभर पाणी.
मग मी म्हणते, बोला काहीतरी.
तोंडात धरून बाहेर नेऊन विकू नये
म्हणून बोलायला लावायचं.

सहा वर्षं तो रोज एक वाक्य बोलतो.
"क्लाइडवर धुकं आहे आज."
"मॉर्टन पुन्हा हरले."
"कुत्रीला चार पिल्लं झाली. एक आंधळं."
एकदा म्हणाला, "तुम्हीच सांगा,
हा रोग आहे की माझी चूक?"
मागे एक बाई मुलाच्या खोकल्याच्या औषधासाठी थांबली होती.
मी म्हणाले, उद्या भेटू.

पण ग्रीनॉकचा तो चढ चढून घरी जाताना
मी मराठीत विचार करत राहिले.
आमच्याकडे दारू लागते.
तहान लागते, ठेच लागते, आग लागते, तशी.
"जयवंताला दारू लागली," आई म्हणायची,
जणू तो त्या वाक्यात नुसता उभा होता
आणि ती येऊन लागली.
सोडायची वेळ आली की मात्र
अख्खं घर व्याकरण बदलायचं:
त्याने सोडायला हवी. त्याने मनावर घ्यायला हवं.
लागली तेव्हा त्याला.
सोडायची तेव्हा त्याने.
या "ला" आणि "ने"च्या मधे
माझा भाऊ इचलकरंजीत
सायझिंगच्या मागच्या बाकड्यावर
सतरा वर्षं बसून आहे.

कधीकधी ती सुटतेसुद्धा.
"सुटली," म्हणतात, कुणी सोडली ते न सांगता.
तेही मी ऐकलंय,
दुसऱ्यांच्या घरांविषयी.

फोनवर मी त्याला शेवटचं म्हणाले होते, अकरा वर्षं झाली,
"तुझ्यासारखे रोज येतात माझ्याकडे. मला शिकवू नकोस."
तो म्हणाला, "त्यांना तू काय देतेस?"
मी फोन ठेवला.

फेब्रुवारीत रॅफर्टी तीन दिवस आला नाही.
तीन दिवस चुकले की डोस बंद.
शरीर विसरतं; कालचाच डोस जीव घेऊ शकतो.
नियम शिक्षेचा नाही,
पण काउंटरच्या त्या बाजूने तसाच दिसतो.
चौथ्या दिवशी तो दारात उभा,
एका बुटाची नाडी सुटलेली, नाक गळतंय.
"आईला पुरून आलो."
दुसरं काही घेतलंत का मधे?
"घेतलं असतं तर इथे आलो असतो?"
खरं असेल. खोटं असेल.
मला तपासता येतं ते फक्त तोंड.

क्लिनिकच्या फोनवर चाळीस मिनिटं व्हायोलिन वाजत राहिलं.
तो कुरुपाच्या पट्ट्यांच्या रॅकखाली खुर्चीत बसला होता.
कोट त्याने घातला होता.
थंडी त्याला वाजत होती.
अखेर डॉक्टर म्हणाली, तीस द्या, आणि लक्ष ठेवा.

तीस मोजले. पुन्हा मोजले.
तो प्यायला. पाणी प्यायला.
बोला काहीतरी.

तो माझ्याकडे बघत राहिला.
"तुमचा तो भाऊ," म्हणाला, "आहे ना अजून?"
कधी सांगितलं होतं मी याला?
नाताळच्या आदल्या संध्याकाळी बहुतेक,
दुकानात कुणी नव्हतं.

मागे रांग. रजिस्टर उघडं. पेन हातात.
आणि मी गप्प,
जिभेखाली काहीतरी दडवून
दाराकडे निघालेल्या माणसासारखी.